विचारणारा चित्रपट आणि ठरलेले उत्तर



वसंतातल्या सभेत इतिहास म्हटला की भोरच्या श्रोत्यांच्या मनात पंतसचिवांचे दप्तर, तोरणा, राजगड किंवा फार तर भाटघरचे धरण उभे राहते, आणि ते योग्यच आहे. आज आम्ही मात्र ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत ती ऐकून काही वडीलधारी मंडळी भुवया उंचावतील. विषय आहे संगणकावरील खेळांचा, आणि त्यांतल्याही एका जुन्या, बहुतांशी मागे पडलेल्या प्रकाराचा. ज्या खेळांत चितारलेल्या बाहुल्यांऐवजी खरी माणसे दिसत, खऱ्या नटनटींना कॅमेऱ्यासमोर उभे करून टिपलेले चलच्चित्र ज्यांत वापरलेले असे, आणि पुढे काय व्हावे हे ज्यांत पाहणाऱ्याला ठरविता येई, त्या खेळांची ही हकीकत आहे. विषय पोरकट वाटला तरी त्याच्या पोटात एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे. तो प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचविला तर आमचे काम झाले.

हा प्रकार म्हणजे नेमके काय, हे समजावून सांगण्यास भोरसारखे गाव नाही. येथील राजवाड्यात चित्रपटांची व मालिकांची चित्रणे अनेकदा झाली आहेत, आणि चौकाबाहेर गर्दी करून ती पाहिलेली मंडळी या सभेत निश्चित असतील. त्यांनी पाहिले असेल की एकच प्रवेश पुन्हा पुन्हा टिपला जातो. नायक दिंडीतून आत येतो, थांबतो, पुन्हा बाहेर जातो, पुन्हा येतो. दिग्दर्शक त्यांतला एक तुकडा ठेवतो आणि बाकीचे टाकून देतो. आता अशी कल्पना करा की दिग्दर्शकाने एका तुकड्यात नायकाला दिंडी उघडायला लावली, दुसऱ्यात मागे फिरायला लावले, तिसऱ्यात पहारेकऱ्याशी बोलायला लावले, आणि हे तिन्ही तुकडे जपून ठेवून निवड करण्याचे बटण आपल्या हाती दिले. आपण बटण दाबाल तो तुकडा पडद्यावर येईल. झाला आमचा चित्रपट-खेळ! पुढे जे जे सांगावयाचे आहे ते या एका युक्तीचा विस्तार आहे.

आम्ही हा प्रकार प्रथम पाहिला तो १९९६ च्या सुमारास, पुण्यात एका स्नेह्यांच्या घरी. संगणकाच्या पडद्यावर पोस्टकार्डाएवढी चौकट होती. तीत एक गोरा गृहस्थ काहीतरी बोलला आणि थांबला. खाली दोन वाक्ये उमटली. त्यांतले एक निवडावयाचे होते. आम्ही विचार करीत बसलो, आणि तो गृहस्थ वाट पाहत उभा राहिला. त्याने पापणी लवविली, खांदा किंचित हलविला, पुन्हा पापणी लवविली, पुन्हा तसाच खांदा हलविला. वाट पाहण्याचा तो दोन-तीन सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरविला जात होता. स्नेह्यांच्या मातुःश्री मागे बसल्या होत्या. त्यांचे माहेर वेल्ह्याकडचे. त्यांनी बराच वेळ त्या माणसाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ह्यो इचारतोय, पर आयकत न्हाई." आम्ही तेव्हा हसलो. पुढे या खेळांविषयी पुष्कळ वाचले, परंतु त्या माउलीने एका वाक्यात केली तेवढी नेमकी चिकित्सा आमच्या वाचनात आली नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या वाक्यावरचे भाष्य समजावे.

विचारणे आणि ऐकणे या दोन गोष्टी आपल्या रंजनाच्या परंपरेत कधी वेगळ्या नव्हत्या. कीर्तनकार पूर्वरंग लांबवितो की आवरता घेतो, ते समोरच्या मंडळींचे चेहरे पाहून. यात्रेतल्या तमाशात सवाल-जवाब रंगतो तो सवालाला जागच्या जागी जवाब येतो म्हणून. जवाब चुकला तर फजिती होते, आणि ती सर्वांच्या देखत होते. दशावतारातल्या नटाला कथानक ठाऊक असते, पण बोलणे त्या रात्री सुचेल तसे असते. या सर्वांत गोष्ट ठरलेली आहे, पण सांगणारा जिवंत आहे, आणि त्याला पाहणारा दिसतो आहे.

चित्र आले तेव्हाही हे नाते लगेच तुटले नाही. मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु त्याच्या चार वर्षे आधी, १८९२ मध्ये, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने दिव्याच्या प्रकाशात काचेवरील चित्रांचे खेळ सुरू केले होते. काचांवर हाताने रंगविलेली रामायण-महाभारतातील पात्रे, एकामागून एक काचा झपाट्याने बदलून आणलेला हालचालीचा भास, आणि चित्रांबरोबर माणसांच्या तोंडून चाललेले निवेदन, संवाद व गाणी असा तो थाट होता. पटवर्धन पितापुत्रांनी हे खेळ पुढे पाव शतक चालविले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काचेवरचे चित्र निर्जीव होते, पण आवाज जिवंत होता. लहान मूल भ्याले तर निवेदक दोन शब्द जास्त बोलू शके, आणि टाळी पडली तर गाणे पुन्हा म्हणता येई. मूकपटांच्या काळातही पडद्यावरची अक्षरे मोठ्याने वाचून दाखविणारा माणूस अनेक ठिकाणी असे. बोलपट आला आणि तो माणूस उठून गेला. पडदा आता स्वतः बोलू लागला, आणि ऐकण्याचे काम तेवढे कोणी उरले नाही.

ऐकणारा पडदा पुन्हा मिळवावा, ही धडपड परदेशांत फार लवकर सुरू झालेली दिसते. इंग्लंडात १९१२ च्या सुमारास पडद्यावर चित्रपट दाखवून त्यावर खऱ्या बंदुकीने नेम धरण्याचे अड्डे निघाले होते. गोळीचा आवाज होताच चित्र क्षणभर थांबे आणि गोळीचे भोक उजेडात दिसे. नेम कुठे लागला हे कळले की चित्र पुढे चाले. पडदा पाहणाऱ्याच्या कृतीसाठी थांबला, एवढीच त्यातली नवलाई होती. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९७४ मध्ये 'वाइल्ड गनमन' नावाचे यंत्र काढले, त्यात पुढचे पाऊल पडले. सोळा मिलिमीटर फितीवर टिपलेला खराखुरा नट पिस्तूलबाजाच्या वेषात समोर उभा राही. त्याचे डोळे चमकले की आपण पिस्तूल झाडावयाचे. वेळेवर झाडले तर तो कोसळतानाचे चित्र लागे, उशीर झाला तर तो आपल्यावर गोळी झाडतानाचे. दोन शेवट आधीच टिपून ठेवले होते, आणि कोणता लावावयाचा एवढेच यंत्र ठरवी. पुढील पन्नास वर्षांचे बीज या यंत्रात आहे.

या दोहोंच्या मधल्या काळात एक प्रयोग झाला, तो खेळ म्हणून नव्हे, चित्रपट म्हणून. कॅनडात माँट्रिऑल येथे १९६७ साली जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथील चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात रादुझ चिंचेरा यांचा 'किनोऑटोमॅट' दाखविला गेला. प्रत्येक खुर्चीला एक हिरवे आणि एक लाल बटण होते. चित्रपट नऊ ठिकाणी थांबे. मुख्य नट मिरोस्लाव्ह होर्निचेक स्वतः रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना विचारी, "आता मी काय करावे?" बटणांनी मते पडत आणि बहुमताप्रमाणे चित्रपट पुढे सरके. यंत्रणा अगदी साधी होती. दोन प्रक्षेपक बरोबरीने चालत, आणि हव्या त्या प्रक्षेपकाचे चित्र पडद्यावर पडू देऊन दुसऱ्याचे झाकले जाई. आता शंका अशी येते की नऊ ठिकाणी दोन-दोन वाटा फुटल्या, तर दोनच प्रक्षेपकांवर कसे भागले? याचे उत्तर मार्मिक आहे. प्रत्येक फाट्यानंतर दोन्ही वाटा पुन्हा एकाच जागी येऊन मिळत. नायकाचे घर जळताना चित्रपटाच्या आरंभीच दाखविलेले असे, आणि प्रेक्षकांनी कसेही मत दिले तरी ते शेवटी जळेच. लोकशाहीची ही थट्टा आहे, असे काहींनी तेव्हाच ओळखले. पुढे चेकोस्लोव्हाकियातल्या राजवटीने या प्रयोगावर बंदी घातली.

वाटा पुन्हा एकत्र का आणाव्या लागतात, याचे गणित पाहण्यासारखे आहे. समजा, गोष्टीत दहा ठिकाणी निवड ठेवली, प्रत्येक ठिकाणी दोनच पर्याय ठेवले आणि प्रत्येक पर्यायाचा तुकडा दोन मिनिटांचा केला. पाहणाऱ्याला एका खेपेस वीस मिनिटांचीच गोष्ट दिसेल. परंतु वाटा कधीच एकत्र आणल्या नाहीत, तर पहिल्या फाट्यावर २ तुकडे, दुसऱ्यावर ४, तिसऱ्यावर ८, असे करीत दहाव्यावर १०२४ तुकडे लागतील. सर्व मिळून २०४६ तुकडे झाले, म्हणजे ४०९२ मिनिटांचे, सुमारे ६८ तासांचे चित्रण! अडीच तासांचा एक या हिशेबाने सत्तावीस चित्रपटांएवढी फीत खर्चावी तेव्हा प्रेक्षकाला वीस मिनिटांचे खरे स्वातंत्र्य मिळावयाचे. असा निर्माता जगात नाही. म्हणून वाटा फुटतात आणि पुन्हा जुळतात. राजगडाला जाणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. पालीच्या बाजूने प्रशस्त वाटेने चढा, नाहीतर गुंजवण्याच्या बाजूने चोरदरवाजाने धापा टाकीत वर या. चढणीचा अनुभव निरनिराळा असेल, परंतु बालेकिल्ल्यावर जावयाचे तर सर्वांना त्याच्या एकाच महादरवाजातून शिरावे लागते. चित्रपट-खेळ रचणारे कारागीर अशाच वाटा आखीत.

या कारागिरांच्या हाती १९७८ नंतर एक नवे साधन आले, ते म्हणजे लेझर-डिस्क. ही ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढी चकचकीत तबकडी असे. तिच्या एका प्रकारात एका बाजूवर ५४ हजार चित्रे मावत, म्हणजे अर्ध्या तासाचा चित्रपट. आणि प्रत्येक चित्राला क्रमांक असे. फितीवर हवे ते ठिकाण गाठावयाचे तर फीत गुंडाळीत बसावे लागते. तबकडीवर यंत्राला क्रमांक सांगितला की ते क्षणात तेथे जाई. सेगा कंपनीचे 'ॲस्ट्रॉन बेल्ट' आणि डॉन ब्लुथ यांच्या चितारलेल्या चित्रांचे 'ड्रॅगन्स लेअर' ही यंत्रे १९८३ मध्ये खेळघरांत आली. दुसऱ्यात नट नव्हते, पण युक्ती तीच होती. इतर यंत्रांत पाव डॉलरचे नाणे टाकावे लागे, तर येथे अर्धा डॉलर. तरी लोकांच्या रांगा लागत. पुढे १९९० मध्ये 'मॅड डॉग मक्री' हा खऱ्या नटांचा खेळ आला. तो काढणाऱ्या अमेरिकन लेझर गेम्स कंपनीचा मूळ धंदा पोलिसांच्या प्रशिक्षणाचा होता. समोरच्या माणसाने खिशात हात घातला तर गोळी झाडावी की थांबावे, याचा सराव शिपायांना चित्रफितीसमोर उभे करून देत. शिपायाच्या शिक्षणासाठी जन्मलेली विद्या मुलांच्या करमणुकीत आली ती अशी.

आता आपण त्या खेळाकडे येऊ, ज्याचे नाव या इतिहासात सर्वांत गाजले. खेळणी बनविणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीसाठी टॉम झिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती चित्रफितीवर चालणारे एक यंत्र योजिले, आणि त्यासाठी १९८७ मध्ये 'नाइट ट्रॅप' नावाचा खेळ टिपला. पुढे हॅस्ब्रोने यंत्राचा नाद सोडला. चित्रण पडून राहिले. ते झिटो यांच्या नव्या कंपनीने हाती घेतले आणि सेगाच्या सीडी-यंत्रासाठी १९९२ मध्ये बाजारात आणले. कथा साधीच आहे. एका घरात काही तरुण मुली मुक्कामाला आल्या आहेत आणि त्यांच्यावर संकट येणार आहे. घरातल्या आठ ठिकाणी कॅमेरे आहेत. खेळणाऱ्याने त्यांतून पाहत राहावयाचे आणि हल्लेखोर दिसताच सापळा टाकून मुलींना वाचवावयाचे. खरे वैशिष्ट्य असे की आठही ठिकाणी प्रसंग एकाच वेळी चालू राहतात. आपण स्वयंपाकघरात पाहत असलो तर दिवाणखान्यात जे घडले ते हुकले. गोष्ट आपल्यासाठी थांबत नाही. आम्हांला या रचनेत एक खरी कल्पकता दिसते. चित्रपटात दिग्दर्शक आपली नजर फिरवितो. येथे नजर कुठे लावावयाची याची जबाबदारी पाहणाऱ्यावर पडली.

परंतु गाजावाजा झाला तो निराळ्याच कारणाने. अमेरिकेच्या सिनेटमध्ये जोसेफ लीबरमन आणि हर्बर्ट कोल या सदस्यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९९३ रोजी खेळांतील हिंसेविषयी सुनावणी झाली, तीत 'नाइट ट्रॅप'वर झोड उठली. मुलींना वाचविणे हा ज्या खेळाचा उद्देश, तो मुलींवर हल्ला करण्याचा खेळ असल्यासारखे बोलले गेले. चितारलेली माणसे एकमेकांना मारतात तेव्हा फारसे काही वाटत नाही, पण खऱ्या मुलीचा चेहरा दिसला की मन धसकते. या प्रतिक्रियेत अन्याय होता आणि सत्यही होते. जानेवारी १९९४ मध्ये सेगाने तो खेळ बाजारातून मागे घेतला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत खेळांवर वयाची शिफारस छापणारे मंडळ स्थापन झाले. आज खेळांच्या खोक्यांवर वयाचा जो शिक्का दिसतो त्याच्या पूर्वपीठिकेत हा प्रसंग आहे.

या काळातल्या चित्रांची प्रत मात्र वाईट होती, आणि त्यालाही गणित होते. पडद्यावर आडवे ६४० व उभे ४८० ठिपके धरले आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर एका चित्राला ९ लाख २१ हजार ६०० बाइट लागतात. सेकंदाला पंचवीस चित्रे लागतात. या हिशेबाने साडेसहाशे मेगाबाइटची अख्खी सीडी जेमतेम अर्ध्या मिनिटात संपेल. शिवाय पहिल्या पिढीची सीडी-यंत्रे सेकंदाला १५० किलोबाइट वाचीत. त्यांना असे एक चित्र आणावयास सहा सेकंद लागले असते. म्हणून चौकट लहान करावयाची, रंग कमी करावयाचे, चित्र दाबून बसवावयाचे, असे उपाय योजावे लागले. सेगाच्या यंत्रावर एका वेळी ६४ रंग दिसत. आम्ही पाहिलेला तो गृहस्थ पोस्टकार्डाएवढा होता, तो याच कारणाने.

तरीही १९९३ ते १९९६ ही या प्रकाराची भरभराटीची वर्षे ठरली. 'द सेव्हन्थ गेस्ट' १९९३ मध्ये आला आणि त्याच्यापायी अनेकांनी सीडी-यंत्र विकत घेतले. 'विंग कमांडर ३' मध्ये १९९४ साली मार्क हॅमिल, माल्कम मॅक्डॉवेल अशी चित्रपटसृष्टीतली नामांकित मंडळी होती, आणि खेळ चार सीडींचा होता. रॉबर्टा विल्यम्स यांच्या 'फँटॅस्मागोरिया'ला १९९५ मध्ये सात सीडी लागल्या. 'विंग कमांडर ४' वर १९९६ साली सुमारे १ कोटी २० लाख डॉलर खर्च झाले. खरे नेपथ्य उभारून चित्रपटाच्या फितीवर चित्रण केले गेले. चित्रपट आणि खेळ आता एकच होणार, असे जाणते लोक बोलू लागले.

तसे झाले नाही. त्याच १९९६ मध्ये 'क्वेक' आणि 'टूम रेडर' हे खेळ आले. त्यांतली माणसे ओबडधोबड कोनांची होती. चेहऱ्यावर भाव म्हणून नव्हता. पण आपण डावीकडे वळलो की तीही वळत, उडी मारा म्हटले की त्याच क्षणी उडी मारीत. चित्र आधी टिपलेले नव्हते. आपण कळ दाबली की यंत्र ते त्या क्षणी रेखाटीत होते. सुंदर, पण न ऐकणाऱ्या नटापेक्षा ओबडधोबड, पण ऐकणारी बाहुली खेळणाऱ्यांना अधिक जवळची वाटली. चार-पाच वर्षांत चित्रपट-खेळांचा बाजार बसला.

हे खेळ पडले ते अभिनय भिकार होता म्हणून, चित्र पुसट होते म्हणून, असे सामान्यतः सांगितले जाते. हा निर्णय आम्हांला पटत नाही. पुसट चित्राची अडचण थोड्या वर्षांत डीव्हीडीने सोडविलीच असती, आणि अभिनयाचे म्हणाल तर भिकार अभिनयाचे चित्रपट शंभर शंभर दिवस चाललेले आपण पाहिले आहेत. मूळ उणीव वेल्ह्याच्या माउलीने सांगितली तीच होती. चेहरा जिवंत माणसाचा होता, म्हणून त्याने ऐकावे अशी अपेक्षा आपल्या मनात उपजे. बाहुलीकडून आपण तशी अपेक्षा करीत नाही. आणि या चेहऱ्याजवळ तर उत्तरे मोजकी होती, प्रश्न उमटण्याच्या कितीतरी आधी टिपलेली. पटवर्धनांच्या काचेमागे जो माणूस उभा होता तो येथे नव्हता. किनोऑटोमॅटलाही होर्निचेकला रंगमंचावर उभे करावे लागले होते, हे विसरू नये.

पुढे ज्यांनी हा प्रकार पुन्हा उचलला त्यांतल्या एकाने ही उणीव लपविली नाही, तिलाच गोष्ट बनविले. सॅम बार्लो यांच्या २०१५ मधील 'हर स्टोरी' या खेळात एका स्त्रीचे पोलिसांपुढील जबाब आहेत. तिचा नवरा नाहीसा झाला आहे. जबाबांचे २७१ लहान तुकडे केलेले आहेत. आपण एखादा शब्द लिहावयाचा, आणि तो शब्द ज्यांत उच्चारला आहे असे तुकडे पुढे येतात. ती स्त्री आपल्याशी बोलतच नाही. ती वर्षांपूर्वी कोणा पोलिसाशी बोलली होती. उत्तरे ठरलेली आहेत हे येथे उघड आहे, आणि योग्य प्रश्न शोधणे एवढेच आपले काम. इतिहासाच्या अभ्यासकाला ही रीत ओळखीची वाटेल. जुन्या दप्तरापुढे बसलेला संशोधक दुसरे काय करीत असतो? कागद त्याला उत्तर देत नाही. कागदात जे आहे तेच आहे. काय विचारावयाचे ते त्याने ठरवावयाचे.

नेटफ्लिक्स या कंपनीनेही २०१८ च्या डिसेंबरात 'बँडरस्नॅच' हा निवडीचा चित्रपट आणला, आणि २०२२ मध्ये आपल्या मुंबईच्या रणवीर सिंगला घेऊन बेअर ग्रिल्सबरोबर जंगलातला असाच एक कार्यक्रम केला. परंतु २०२४ च्या डिसेंबरात कंपनीने असे बहुतेक कार्यक्रम काढून टाकले, आणि २०२५ च्या मे महिन्यात 'बँडरस्नॅच'ही गेला. १९८० च्या दशकातल्या तबकड्यांतला धातूचा थर आता गंजू लागला आहे, तरी जपून ठेवलेली एखादी तबकडी आजही चालते. दूरच्या यंत्रावर ठेवलेला चित्रपट मालकाने एका दिवसात पुसला तर आपल्या हाती काय राहते? 'नाइट ट्रॅप' पंचवीस वर्षांनी, २०१७ मध्ये, पुन्हा काढता आला, कारण मूळ चित्रण शिल्लक राहिले होते. भोर-वेल्ह्याच्या घरोघरी लग्नांच्या, यात्रांच्या चित्रफिती कपाटांत पडून आहेत. त्यांनाही बुरशी लागते आहे. त्या कोणीतरी वेळीच उतरवून ठेवाव्यात, एवढी विनंती या निमित्ताने करून ठेवतो.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हा सारा प्रपंच मांडला. गेल्या काही वर्षांत अशी यंत्रे निघाली आहेत की वाक्य लिहिताच ती बोलणाऱ्या, चालणाऱ्या माणसाचे चित्र तयार करून देतात. आपण काहीही विचारा. यंत्र त्या क्षणी नवे उत्तर जुळविते. ६८ तासांची फीत लागत नाही, वाटा पुन्हा जुळविण्याची गरज नाही. जुन्या खेळाची उणीव भरून निघाली, असे वाटावे. परंतु जमाखर्च नीट पाहा. त्या पोस्टकार्डाएवढ्या चौकटीतला गृहस्थ आमचे ऐकत नव्हता हे खरे. पण तो होता. एका दिवशी, एका ठिकाणी, दिव्यांच्या उष्णतेत उभा राहून त्याने ती वाक्ये खरोखरच उच्चारली होती. नव्या चित्रातला चेहरा आपले ऐकल्यासारखे बोलतो, पण ते बोलणारे कोणी कोठे उभेच नव्हते. आणि उद्या तो चेहरा आपल्या ओळखीच्या पुढाऱ्याचा, आपल्या गुरुजींचा, आपल्या मुलाचा असेल, आणि त्यांनी कधीच न उच्चारलेले शब्द त्यांच्या तोंडी असतील. जुना चित्रपट-खेळ आपल्याला फसवीत नव्हता; त्याचे बंधन दोन मिनिटांत कळून येई. नव्या यंत्राचे बंधन सहज कळत नाही. म्हणून पडद्याने काही विचारले किंवा सांगितले, तर तेथे खरोखर कोणी आहे काय, आणि ते आपले ऐकते आहे काय, हे दोन्ही प्रश्न आपणच विचारावयाचे आहेत. एका म्हाताऱ्या बाईला शाळेत न जाता ते सुचले होते. आपल्याला न सुचण्याचे कारण नाही.

श्रोतेहो, आमचे भाषण येथे संपले. आता शिरस्त्याप्रमाणे आपण प्रश्न विचाराल. त्यांची उत्तरे आम्ही घरून तयार करून आणलेली नाहीत; काही येतील, काही चुकतील, आणि चुकली तर ती आपल्यादेखत चुकतील.